डेम्लो वही: नऊ एकांचा टप्पा

मंडळी, १२३४५६७८९८७६५४३२१ चे सगळे मूळ अवयव कागदावर निघाले. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे कूलरसमोर बसून बर्डीवरून आणलेली चौकटीची वही भरली.

देवळालीचे गणितज्ञ शिक्षक कापरेकर गुरुजी यांच्या ‘अद्भुत डेम्लो’ मालिकेतली (१, ११, १११... यांचे वर्ग) ही नववी संख्या, म्हणजे १११११११११ चा वर्ग. वर्गाच्या आतली संख्या फोडली की काम झालं: ९ × ३७ × ३३३६६७.

खरी मेहनत ३३३६६७ मूळ आहे हे दाखवण्यात. वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, आणि तिथपर्यंत १०६ मूळ संख्या. पण सगळ्यांनी भागायची गरज नाही, कारण ३३३६६७ चा कुठलाही अवयव १११११११११ चाही अवयव असतो. समजा मूळ संख्या प ने १११११११११ ला निःशेष भाग जातो. मग १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. पहिल्या दोहोंतून फक्त ३ आणि ३७ मिळतात. घात ९ असेल, तर फर्माच्या प्रमेयानुसार प−१ ला ९ ने भाग जातो, आणि प विषम असल्याने १८ नेही. म्हणजे १९, ७३, १०९, १२७... एवढेच उमेदवार. ३ ने भाग जात नाही, कारण अंकांची बेरीज २८. ३७ ने भागलं तर बाकी १. उरले सोळा. ५२३ ने बाकी ५१६ आली तेव्हा जरा धडधडलं, शेवटच्या ५७७ ने १६१. कुणीच भागत नाही. १०६ वरून इतक्या थोड्यांवर आणणारी ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते.

आता सुरुवातीच्या मोठ्या संख्येकडे. अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ३⁴ म्हणजेही ८१! म्हणजे ही कापरेकरांचीच हर्षद संख्याही (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी) आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग. पहिल्या नऊ डेम्लोंत हर्षद फक्त तीन: १, १२३२१ आणि ही. (आपल्या नागपूर जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, पिनकोड ४४०००१ सुद्धा हर्षद: ९ × ४८८८९.)

दहा एकांचा वर्गही करून ठेवलाय: १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा आल्याने अंकांचा चढता-उतरता मनोरा मोडतो. बेरीज ८२ ही सम, संख्या विषम, म्हणून हर्षद नाही. अवयव मात्र छान आहेत: ११, ४१, २७१ आणि ९०९१ यांचे वर्ग. ९०९१ मूळ आहे हे याच युक्तीने तपासायला घेतलंय. तिथे घात १०, म्हणून उमेदवार ११, ३१, ४१, ६१, ७१ एवढेच.