रेल्वे लाईन्स, हौदाच्या बाजूनं

परवा सात रस्त्याच्या अलीकडं एका पोरानं बाईक थांबवून मला विचारलं, “काका, रेल्वे लाईन्स कुठं आली?” पाठीवर पार्सलची पेटी, हातात मोबाईल. तो उभा होता तीच रेल्वे लाईन्स. पण बिचारा रूळ शोधूलालता.

त्याचं तरी काय चुकलं? रेल्वे सोलापुरात आली १८६० साली. तिचं नाव या भागाला चिकटलं ते चिकटलंच. आमच्या दाजी पेठेत घराला घर खेटून, खाली माग आणि वर संसार. इथं मात्र दगडी कंपाउंड, आत कडुनिंब, मग पोर्च, आणि त्याच्याही आत कुठंतरी माणसं. लहानपणी आम्हाला वाटायचं, या बंगल्यांत कुणी राहतच नाही, नुसता माळी राहतो.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नववी नापास. मामानं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका वाइंडिंगच्या दुकानात चिकटवून दिलं. उस्तादांच्या मागं पाना-पक्कड घेऊन मी पहिल्यांदा या बंगल्यांच्या आत गेलो, तेही मागच्या फाटकातून. मोटर मागं, हौद मागं, चहासुद्धा मागच्या पायरीवरच. त्यामुळं रेल्वे लाईन्सचे दिवाणखाने कसे आहेत ते मला आजही धड सांगता यायचं नाही. हौद विचारा. कुठला किती फुटी, कुणाच्या हौदाला तडा आहे, कुणाच्या बोअरला उन्हाळ्यात नुसता वारा येतो, सगळं तोंडपाठ.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. चार दिवसांआड, कधी पाच. उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब, तिथून पाइपलाइन. शिवाय धरणातून नदीत पाणी सोडतात, ते भीमेतून वाहत औज बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून उपसून गावात येतं. बंधाऱ्यात पाणी पोचलं का, ही आमच्याकडं पेपरातली मोठी बातमी असते. इंग्रजांनी बांधलेला हिप्परग्याचा तलाव आहे १८७१ चा, पण तेव्हाचं सोलापूर केवढं आणि आताचं केवढं! गंमत म्हणजे, कुठल्या भागाला पाणी कधी सोडायचं हे बघणारी महापालिका बसते इंद्रभुवनात. ते अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेलं घर. काय ती नक्षी, काय ते सज्जे! पाण्याची तक्रार घेऊन गेलेला माणूस आधी मान वर करून छत बघतो आणि मग अर्ज काढतो.

उजनीचं पाणी गरीब-श्रीमंत बघत नाही, दोघांनाही पाचव्या दिवशीच येतं. फरक पडतो तो पुढं. दाजी पेठेत आम्ही घागरी, बादल्या, पिंप, सगळं मिळून हजार लिटर भरलं की जागा संपते. रेल्वे लाईन्समध्ये जमिनीखाली खोली असते पाण्याची. बारा बाय दहा, सात फूट खोल. म्हणजे जवळजवळ चोवीस हजार लिटर. घरात माणसं तीन.

आणि या लोकांनाही धीर नसतो बरं का! नळाला थेट मोटर लावायची नाही असा नियम आहे, पालिकेची माणसं आली की मोटर उचलून नेतात. एका बंगल्यात मी स्वतः अर्ध्या एचपीची मोटर बसवलीये, तिच्यावर तुळशीची मोठी कुंडी. खालून नुसती घूं घूं. तुळस थरथरत असते.

वर्षातून एकदा हौद धुवायला आत उतरावं लागतं. झाकणाचा चौकोन दोन फुटी, लोखंडी पायऱ्या गंजलेल्या. मे महिन्यात वर डांबर वितळत असतं आणि आत माठासारखं गार. गाळ बोटभर, पायाला साय लागल्यागत. बॅटरी मारली की भिंतीवर पाण्याच्या रेघा दिसतात, एकाखाली एक. कुठल्या उन्हाळ्यात पाणी कुठवर गेलं होतं ते वाचता येतं. वरून कुणी हाक मारली की आपलंच नाव चार वेळा ऐकू येतं. मला तळाशी आजवर चमचे, किल्ल्या, एक चांदीची वाटी आणि एक कवळी मिळाली आहे. कवळी घ्यायला कुणी आलं नाही.

या भागात मी सगळ्यात जास्त खेपा केल्या त्या एका काकूंच्या बंगल्यात. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. लाल वही असते त्यांची. मी मोटर उघडायच्या आधीच त्या वाचतात, “फूट व्हॉल्व्ह गेल्या दिवाळीत. कपॅसिटर चौदा महिने झाले. बेअरिंग तू टाकलंस म्हणालास, मी पाहिलं नाही.” एकदा वाइंडिंग जळलं, तर म्हणाल्या, “जुनी तार मला दाखव. तांब्याची होती, तू ॲल्युमिनियमची भरशील.” मी असं कधी केलं नाही. पण उस्ताद करायचे, हे त्यांना ठाऊक होतं. पैसे मात्र हातावर, उधारी नाही. समोरच्या बंगल्यातले एक साहेब कारमधून उतरता उतरता “महिन्याच्या शेवटी ये” म्हणायचे. कुठल्या महिन्याच्या ते बोलले नव्हते.

काकूंकडं हौदाशिवाय एक आड होता आणि आडात कासव. त्यांच्या सासऱ्यांनी सोडलेलं, पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. मी वीस वर्षांत ते तीनदा पाहिलं असेल. ताटाएवढं, काळपट. वर येऊन बघायचं आणि पुन्हा बुडायचं, जणू कोण आलंय त्याची नोंद केली.

आता इकडचे निम्मे बंगले दवाखाने झालेत. पोरं पुण्याला, बेंगळुरूला, त्याच्याही पलीकडं. पोर्चमध्ये ॲम्ब्युलन्स, बागेत औषधाचं दुकान, झोपायच्या खोलीत सोनोग्राफी. नवा पैसा जुळे सोलापूरला आणि होटगी रोडला गेला. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि तिकडं जो तो जमिनीचा भाव सांगूलालाय. मला तक्रार नाही. दवाखान्याची मोटर दिवसभर चालते, लवकर जळते.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. बंगला द्यायचं ठरलं होतं, मुलानं तिकडून सोसायटीतला फ्लॅट बघितला होता, मोबाईलवरच. “तू जाऊन बघून ये.” मी म्हटलं, “काकू, मला फ्लॅटातलं काय कळतंय?” म्हणाल्या, “फ्लॅट नको बघू. हौद बघ.”

गेलो. ऑफिसातल्या मुलानं आधी क्लब हाऊस दाखवलं, मग स्विमिंग टँक, निळ्या फरश्यांचा. हौदाचं झाकण काढा म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं. टेप आत सोडली. बारा बाय दहा, आठ फूट. पाणी धरा सत्तावीस हजार. घरं चाळीस.

काकूंना सांगितलं, “तुमच्याकडं जेवढा तीन माणसांना होता ना, जवळपास तेवढाच. पण चाळीस घरांत. घरटी सातशेच्या आत, आणि पाणी पाचव्या दिवशी.”

त्या जरा वेळ गप्प. मग विचारलं, “आणि तो पोहायचा टँक कशानं भरणार आहेत?”

“टँकरनं.”

“आपण सोलापूरकर लई श्रीमंत झालो की रे,” म्हणाल्या. आणि फ्लॅट घेतला. मुलानं टोकन देऊन टाकलं होतं.

बंगला सोडायच्या आधल्या रविवारी मला बोलावलं. आड उपसायचा आणि कासव काढायचं. ते कुठं न्यायचं हे ठरलं नव्हतं, कंबर तलावात सोडू असं मी म्हणत होतो. आडावर दीड एचपीची मोटर लावली. पाणी गुडघाभर उरलं आणि तिथंच थांबलं. मी उपसूलालतो आणि झरे भरूलालते. भर एप्रिलात! खाली उतरलो, पायानं चाचपलं, कपारीत हात घातला. दगड, चिखल, प्लॅस्टिकचा एक चेंडू.

काकू वरून बघत होत्या. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी वही उघडली, चष्मा लावला, तारीख टाकली आणि लिहिलं: मोटर तीन तास. कासव नाही. मजुरी चारशे.