दाताच्या बाबतीत घाई केव्हा करावी

दंतवैद्य म्हणून काम करताना एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. रात्रभर ठणक्याने हैराण झालेला रुग्ण दवाखाना उघडण्याआधीच दाराशी उभा असतो. ज्याला मात्र काही मिनिटांत उपचार मिळायला हवे होते, तो फारसे दुखत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सावकाश येतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचल्यावर होणारी वेदना असह्य असते, हे खरेच आहे. तरीही सूज आणि ताप नसेल, तर एरवी चालणारी वेदनाशामक गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबता येते. (ती गोळी गिळायची असते, दुखऱ्या दाताशेजारी ठेवलेली ॲस्पिरिन हिरडी भाजून काढते, आणि मिसरी लावल्याने तर नुकसानच होते.) किती दुखते यावरून घाई ठरवू नये, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे.

सर्वांत कमी वेळ हाती असतो तो कायमचा दात मुळासकट निखळून पडतो तेव्हा. वरचे पटाशीचे कायमचे दात साधारण ७ ते ८ वर्षे वयात येतात, आणि मैदानावर, सायकलवर, शाळेच्या जिन्यात मुले पडतात तीही याच सुमारास. मुळाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमधील पेशी जिवंत असतील, तरच पुन्हा बसवलेला दात नीट धरतो. उघड्यावर कोरड्या राहिलेल्या मुळावरील बहुतेक पेशी ३० मिनिटांत मरतात. म्हणूनच पालक रुमालात जपून गुंडाळलेला दात माझ्या हाती देतात, तेव्हा मला फार वाईट वाटते; त्यांची तळमळ खरी असते, परंतु रुमालाने नेमका तो ओलावाच शोषून घेतलेला असतो.

अशा वेळी दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असल्यास वाहत्या थंड पाण्याखाली काही क्षण धरावा, घासू मात्र नये, आणि मूल शुद्धीवर व शांत असेल तर दात जागच्या जागी सरळ बसवून स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायला सांगावे. हे धाडस होत नसेल, तर शेजारच्या टपरीवरून साखर न घातलेले थंड दूध घ्यावे आणि त्यात दात बुडवून तडक दंतवैद्याकडे निघावे. साध्या पाण्यात तो ठेवू नये, कारण पाण्याने त्या पेशी फुगून फुटतात. दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना साधारण २ आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या लशीची चौकशीही करावी. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, कारण त्यामुळे त्याच्या मुळाशी वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

दुसरी फसवी अवस्था सुजेची. दाढेच्या मुळाशी कोंडलेला पू हाडाबाहेर वाट काढतो तेव्हा आतला दाब उतरतो, ठणका कमी होतो आणि घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात संसर्ग पसरू लागलेला असतो. खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या पातळीपेक्षाही खाली जात असल्याने हा पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरू शकतो. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला, आजही त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार हाच. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, वर उचलली गेलेली जीभ, न उघडणारे तोंड, गिळता न आल्याने गळणारी लाळ, बदललेला आवाज, यांपैकी काहीही दिसले तर माझ्यासारख्याच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नये. श्वासमार्ग सांभाळण्याची सोय असलेले मोठे रुग्णालयच गाठावे. डोळ्यापर्यंत चढलेली सूजही तितकीच गंभीर समजावी. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या प्रतिजैविकांवर विसंबून दिवस काढणे तर सर्वांत धोक्याचे, कारण पूला वाट करून दिल्याशिवाय आणि मूळ दातावर उपचार केल्याशिवाय हा आजार हटत नाही.

दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापसाची घडी ३० मिनिटे न उचलता घट्ट चावून धरावी आणि चुळा भरू नयेत. तरीही रक्त वाहत राहिले तर डॉक्टरांना गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

खालच्या जबड्यातील वेदना चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल आणि सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी दंतवैद्य शोधत बसू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.