बोंडाचा गुंता सुटला: १२५ टक्क्यांवरचा आयकॉन

विंडोजमधल्या वेब शॉर्टकटसाठी मी स्वतः आयकॉन काढतोय, त्यातला कापसाच्या बोंडाचा आयकॉन अखेर मार्गी लागला. मानवतच्या सेवा केंद्रातल्या लॅपटॉपवर तो आता जसा हवा तसा दिसतोय. कापसाचे चारही कप्पे वेगळे, खालचं वाळलेलं कवच तपकिरी आणि कडा स्वच्छ. सातबारा आणि आठ-अ मागेच झाले होते, त्यांनी काहीच त्रास दिला नव्हता. कागद चौकोनीच असतो, पिक्सेलच्या जाळीत बिनतक्रार बसतो. पीकविम्याच्या शॉर्टकटसाठी बोंड घ्यायचं ठरलं आणि तिथून गाडी अडली.

माझ्या परभणीच्या मॉनिटरवर ४८चं, म्हणजे ४८ बाय ४८ पिक्सेलचं, बोंड सुरेख दिसायचं. तीच फाइल केंद्रातल्या लॅपटॉपवर लावली की पांढरा गोळा. केंद्र चालवणाऱ्या मित्रानं एका वाक्यात निकाल दिला, "का रे, हे बोंड हाय का फुलगोबी?" ज्यानं जन्मभर वेचणी पाहिली त्याला बोंड ओळखू येत नसेल, तर आयकॉन उपयोगाचा नाही. मला हे मान्य आहे आणि म्हणूनच सोडून द्यायचं नव्हतं.

पहिला संशय नेहमीचाच, आयकॉन कॅश. विंडोज एकदा वाचलेली चित्रं जपून ठेवतं आणि फाइल बदलली तरी जुनंच दाखवत राहतं. लोकल ॲपडेटामधल्या एक्सप्लोररच्या फोल्डरमधून आयकॉनकॅशच्या सगळ्या फाइली उडवल्या, एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला. गोळा जागचा हलला नाही. म्हणजे चित्र नवंच होतं, दिसत मात्र तसं होतं.

मग एक चाचणीचा आयकॉन बनवला. ही युक्ती सगळ्यांनी करून पाहा. आयकॉनच्या एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या आकारांची चित्रं असतात. त्यात १६चं चित्र नुसतं लाल, ३२चं हिरवं, ४८चं निळं, २५६चं पिवळं, आणि प्रत्येकावर त्याचा आकडा. माझ्या मॉनिटरवर डेस्कटॉपला निळा ४८ आला. लॅपटॉपवर पिवळा २५६!

तिथंच सगळं उलगडलं. लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १२५ टक्के आहे. डेस्कटॉपवरचा मध्यम आयकॉन १०० टक्क्यांना ४८ पिक्सेल, १२५ला तो ६० होतो. फाइलमध्ये ६०चं चित्र नसलं की विंडोज त्याच्यापेक्षा मोठं असलेलं पुढचं चित्र घेतं आणि ते आखडतं. माझ्या फाइलमध्ये ४८नंतर थेट २५६. म्हणजे एकेक पिक्सेल हातानं लावलेलं ४८चं चित्र त्या लॅपटॉपवर वापरलंच जात नव्हतं, आणि २५६मध्ये इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर काढलेले बारीक तंतू ६०मध्ये चेचले जात होते. यादीतल्या छोट्या आयकॉनचंही तेच. १६च्या जागी २० लागतात, ते ३२मधून आखडून यायचे. टास्कबारला २४चे ३० होतात. स्केलिंग १५० टक्के असेल तर हेच आकडे ७२, २४ आणि ३६. आजकालचे बहुतेक लॅपटॉप यातल्याच कुठल्यातरी स्केलिंगवर येतात, त्यामुळे १६-३२-४८-२५६ ही जुनी चौकडी आता पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

६०चं बोंड नव्यानं काढलं. ४८ ताणून चालत नाही, एक पिक्सेलची रेघ सव्वा पिक्सेल होते आणि धुरकटते. मधली फट दोन पिक्सेल ठेवली, कारण रुंदी सम आहे आणि एक पिक्सेलची फट बरोबर मध्यावर येऊच शकत नाही. खरी मेहनत २०ला लागली. चार कप्पे तिथं मावत नाहीत, म्हणून तीनच दाखवले. शुद्ध पांढरा रंग टाळला. एक्सप्लोररची यादी पांढरी असते, त्यात कापूस विरून जातो. किंचित पिवळसर पांढरा, खालच्या बाजूला निळसर राखाडी सावली आणि कवचाचा गडद तपकिरी रंग डाव्या कडेनं वर चढवलेला. एवढ्यावर बोंड उभं राहिलं. हे २०चं चित्र मला अख्ख्या संचात सगळ्यात लाडकं झालंय.

सगळे आकार एका फाइलमध्ये बांधायला गिंप हा चित्रांचा प्रोग्रॅमच. प्रत्येक लेयर एक आकार होतो, आणि निर्यात करताना कुठला आकार पीएनजीनं दाबायचा ते ठरवता येतं. मी फक्त २५६ दाबतो, नाहीतर तो एकटाच पाव एमबीच्या वर जातो. ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वाट्याला मी पुन्हा जाणार नाही. एकाच पीएनजीतून सगळे आकार आखडून देतात, आणि मी वापरलेल्यानं तर पारदर्शक भागातला लपलेला काळा रंग कडेला मिसळून पांढऱ्या कापसाला मळकट किनार आणली होती. सगळे आकार आत गेले का ते हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पाहून घेतलं. सुरुवातीचे ६ बाइट मथळ्याचे, मग प्रत्येक आकाराला १६ बाइटची नोंद. २५६ हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही म्हणून रुंदीच्या जागी शून्य दिसतं. ते शून्य बघून दचकू नका.

आयकॉन पेनड्राइव्हवरून लावू नका हेही सांगून ठेवतो. शॉर्टकटमध्ये फक्त फाइलचा पत्ता असतो. पेनड्राइव्ह काढला की चित्र कधीही गायब होऊ शकतं. मी सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर केलंय.

पुढचा बेत सोयाबीन आणि तुरीच्या शेंगांचा होता. पण २०च्या जाळीत दोन्ही शेंगा सारख्याच दिसतात, आत्ता लिहिता लिहिता कच्चं काढून पाहिलं. त्यापेक्षा पिकांऐवजी हंगामच घ्यावेत. पावत्यांच्या फोल्डरना खरिपासाठी हेच बोंड, रब्बीसाठी ज्वारीचं कणीस. फोल्डरचा आयकॉन त्याच्या आत ठेवलेल्या डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या छोट्या फाइलमधून लागतो, त्यामुळे वेब शॉर्टकटसारखं प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरायची गरज नाही. दोन्ही हंगामांच्या अशा फाइली एकदाच लिहायच्या, दरवर्षी नव्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि त्या फोल्डरला ॲट्रिब कमांडनं रीड-ओन्ली खूण लावायची, नाहीतर विंडोज ती फाइल वाचत नाही. सोयाबीन रद्द.

कणसात अडचण दाण्यांची येणार. ४८ला ठिपक्यांची एकाआड एक मांडणी जमतेय, २०ला तिचं बुद्धिबळाच्या पटासारखं काहीतरी होतंय. कुणी इतक्या लहान चौकटीत कणीस बसवलं असेल तर दाणे दाखवले की नुसता आकार ठेवला, तेवढं सांगा. तोवर मी ६०पासून सुरुवात करतो.