फेरीवाल्याचा माल जप्त झाला तर

नागपूरच्या सीताबर्डीतला फेरीवाला अनुदान नाही, धंद्यापुरती जागा मागतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत त्याला हटवता येत नाही. पुढंही 30 दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर जप्त मालाच्या यादीची प्रत तिथंच मागून घ्या, नाहीतर नंतर काय नेलं हे सिद्ध करणं कठीण. शुल्क भरून दावा केला की संत्र्यांसारखा नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा.

मला खटकते ती फेरीवाल्यांच्या संख्येवरची, लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांची मर्यादा. तर्री-पोह्याच्या गाड्या किती हव्यात, हे गिऱ्हाईकच ठरवेल.

या आठवड्यात चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ हा चित्रपट जरूर पाहा: गाण्यानं आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप असलेला लोकशाहीर, आणि तारखांवर तारखा.