तिचं एकही उत्तर अंदाजाने दिलेलं नव्हतं

त्या दिवशी इंटरनेट बंद पडलं नसतं, तर मी त्या मुलीला तोच व्हिडिओ पाचव्यांदा बघायला बसवलं असतं.

मी सहावीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांचा धडा संपला होता आणि आदल्या दिवशी टॅबवर २० प्रश्नांची चाचणी झाली होती. प्रत्येक प्रश्नात दोन संख्या, त्यांतल्या मोठ्या संख्येवर बोट टेकवायचं, इतकंच. चाचणी संपली की ॲप मुलांची यादी रंगांत मांडून देतं. हिरवा म्हणजे घटक आला, पिवळा म्हणजे सराव हवा, लाल म्हणजे पुन्हा शिका. ४२ वह्या तपासण्यात माझ्या दोन संध्याकाळी जायच्या. इथे मुलाने टॅब खाली ठेवायच्या आत निकाल समोर. या यादीवर माझा फार भरवसा होता.

लाल रंगात ती होती. २० पैकी ८. मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. पर्याय दोनच असताना २० पैकी ८ म्हणजे हिने नुसते अंदाज बांधले, असंच कुणालाही वाटेल. मलाही तेच वाटलं. ॲपची सूचना होती, ‘व्हिडिओ पुन्हा पाहा.’ त्याखालीच नोंद होती की तिने तो चार वेळा शेवटपर्यंत पाहिलेला आहे. तरीही मी तिला टॅब दिला आणि व्हिडिओ लावायला सांगितला. तो लागेना. इंटरनेट गेलं होतं.

बाकीची मुलं वहीत उदाहरणं सोडवत होती. माझ्या लॅपटॉपवर प्रश्नवार उत्तरांचा तक्ता आधीच उघडलेला होता. एरवी मी तो कधी बघत नसे, गुण कळले की पुरे. हाताला काम नव्हतं म्हणून तिची ओळ वाचायला लागले. ०.३५ आणि ०.८, चूक. ०.७३ आणि ०.५, बरोबर. ०.४ आणि ०.१२५, चूक. ०.६२ आणि ०.२६, बरोबर. ०.९ आणि ०.१४, चूक. पाचव्या प्रश्नाशी मी थबकले. पेन्सिल घेऊन सगळे २० प्रश्न कागदावर दोन रकान्यांत उतरवले. तिची बाराही चुकीची उत्तरं अशा जोड्यांची होती, ज्यांत दशांश चिन्हापुढे जास्त अंक असलेली संख्या लहान होती. उरलेल्या आठांत जास्त अंकांची संख्याच मोठी होती, नाहीतर दोन्हींत अंक सारखेच होते. एकही अपवाद नाही. तिच्याकडे एक नियम होता आणि तो तिने वीसच्या वीस प्रश्नांत न डगमगता वापरला होता. नियम चुकीचा होता, पण सोडवण्यात चूक एकही नव्हती.

१९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक संशोधन प्रसिद्ध केलं. ५२ मधून २७ वजा करताना जे मूल ३५ लिहितं, ते बेफिकीर नसतं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, ही त्याची ठरलेली पद्धत असते. अशा पद्धती शोधून काढणारा संगणक प्रोग्रॅम त्यांनी बनवला होता. हे मी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. वर्गात मात्र ते समोर बसलेलं असताना मला लाल रंग तेवढा दिसला.

मी तिच्या बाकाशी जाऊन बसले.

“०.३५ मोठं की ०.८?”

“पॉइंट पस्तीस.”

“का गं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. “पस्तीस आठापेक्षा मोठे ना, बाई.”

“पस्तीस असं कोण म्हणालं?”

“व्हिडिओत म्हणतात. तुम्हीपण म्हणता.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने इंटरनेट आल्यावर मी व्हिडिओ कानाला लावून ऐकला. चित्रं सुरेख, दहा भागांची पट्टी, शंभर चौकटींचा चौरस, सगळं बरोबर. आवाज मात्र म्हणत होता, ‘पॉइंट पस्तीस’, ‘पॉइंट आठ’. आणि मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहून तेच म्हणत आले होते. ०.३५ मधला ३ म्हणजे तीन दशांश आणि ५ म्हणजे पाच शतांश. ‘पस्तीस’ म्हटलं की ती दोन्ही घरं पुसली जातात आणि मुलाच्या हाती उरते एक साधी पूर्ण संख्या. शिवाय ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी, हे आम्हीच त्याला पहिल्या इयत्तांपासून शिकवलेलं असतं. पूर्ण संख्यांमध्ये ते अगदी खरं आहे. ती मुलगी चार वेळा व्हिडिओ पाहून चार वेळा आपलाच नियम पक्का करत होती, आणि ॲप तिला पाचव्यांदा त्याच वाटेने पाठवत होतं.

मग मला हिरव्या यादीची काळजी वाटायला लागली.

एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून हे ॲप प्रत्येक मुलाला प्रश्नसाठ्यातून वेगळे प्रश्न देतं. १७ गुण मिळवलेल्या एका मुलाची ओळ उघडली. त्याच्या तीन चुका पाहिल्या आणि अंगावर काटा आला. कमी अंकांची संख्या मोठी असलेल्या जोड्या त्याच्या वाट्याला तीनच आल्या होत्या, आणि तेवढ्याच चुकल्या होत्या. त्याचा आणि तिचा नियम एकच. ती लाल, तो हिरवा. तिला निदान कुणीतरी पुन्हा शिकवणार होतं. तो ‘घटक आला’ असा शिक्का घेऊन पुढच्या धड्याला निघाला होता. अशी आणखी चार मुलं सापडली.

एका मुलाचं याच्या नेमकं उलट होतं. कमी अंकांची संख्या तो दर वेळी मोठी धरत होता. विचारल्यावर म्हणाला, “बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतो, मग शतांशवाली संख्या लहानच असणार.” किती विचार करून रचलेली चूक! मेलबर्नमध्ये केय स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे मुलं दशांश संख्यांची तुलना कशी करतात यावर, दीर्घकाळ काम केलं आहे. ‘लांब ती मोठी’ आणि ‘आखूड ती मोठी’ असे दोन्ही गट त्यांनी नोंदवले आहेत. हे गट ओळखायचे तर प्रश्नांच्या जोड्याच तशा निवडाव्या लागतात. साठ्यातून कसेही उचललेले २० प्रश्न ते काम करत नाहीत.

मधल्या सुट्टीनंतरचा तास मी बदलला. आधी त्या मुलीच्या हातात मीटरपट्टी दिली. “०.८ मीटर दाखव.” तिने ८० सेंटिमीटरवर बोट ठेवलं. “आता ०.३५ मीटर.” बोट मागे आलं. ती बराच वेळ दोन्ही खुणांकडे बघत राहिली. मग मोठ्या पडद्यावर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये संख्यारेषा उघडली. ०.३ आणि ०.४ यांच्यामधला भाग मोठा करत नेला. त्या फटीत नऊ नव्या खुणा उमटल्या आणि ०.३५ मधोमध सापडला. त्यातही आणखी आत शिरता येतं, हे पाहून वर्ग एकदम शांत झाला. फळ्यावर हे मला कधीच करून दाखवता आलं नसतं. तंत्रज्ञानाचा हा उपयोग माझ्यासाठी निर्विवाद आहे. मुलाच्या डोळ्यांना जे दिसू शकत नाही, ते त्याने दाखवावं.

गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने १५८५ साली दशांश पद्धत मांडली, तेव्हा तो प्रत्येक अंकापुढे वर्तुळात त्याच्या घराचा क्रमांक लिहीत असे. शेवटी आम्हीही तेच केलं. वहीत प्रत्येक अंकाच्या डोक्यावर ‘द’ किंवा ‘श’. वाचायचं तेही ‘तीन दशांश, पाच शतांश’ असं. व्हिडिओचा आवाज बंद करून त्यावर मुलांचाच आवाज टाकायचं ठरलं, आणि पहिलं वाक्य त्या मुलीने म्हटलं. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा नीट आलं.

संध्याकाळी मी स्वतः १२ जोड्या निवडून नवी चाचणी बनवली, सगळ्यांना सारखीच. लांब मोठी, लांब लहान, समान लांबी, प्रत्येक प्रकारच्या चार.

दुसऱ्या दिवशी चाचणी सोडवता सोडवता ती उठून टेबलापाशी आली. स्वतःहून येण्याची ही तिची पहिलीच वेळ. “बाई, यात ०.५ आणि ०.५० असं का नाही विचारलं? ते तर सारखेच आहेत ना?”

ॲपमध्ये प्रत्येक प्रश्नाला बटणं दोनच होती. ‘समान’ असं बटण देण्याची सोयच नव्हती. तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांना टॅब बाजूला ठेवून वह्या काढायला सांगितल्या.