बॅटरी बदलताना राहून गेलेली लाल तार

चार वर्षे तक्रार न करता चाललेल्या गाडीच्या बॅटरीने जुलैतल्या एका पावसाळी सकाळी मान टाकली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत आणि स्टार्टरकडून नुसती टक्‌टक्‌ ऐकू येई. मल्टिमीटरने 11.8 व्होल्ट दाखवले. रात्रभर उभ्या गाडीतली धडधाकट बॅटरी साधारण 12.6 दाखवते. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी तीच गत झाली, तेव्हा नवी बॅटरी आणली आणि ती स्वतःच बसवायचे ठरवले. विकत घेताना प्लस टर्मिनल जुन्याच बाजूला आहे ना, एवढे मात्र नीट पाहून घेतले, कारण बाजू उलटी आली तर जाड केबल पोहोचतच नाही.

मायनस आधी सोडायची आणि शेवटी जोडायची, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असल्यामुळे, मायनस जागेवर असताना प्लसचा नट सोडवू लागलो आणि दहाच्या पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर तिथेच शॉर्टसर्किट होते. हे मी काटेकोरपणे पाळले. टर्मिनलवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून घेतली. बॅटरी पट्टीने घट्ट आवळली.

चूक झाली ती बारीक तारांत. प्लसच्या क्लॅम्पवर फ्यूजबॉक्सच्या जाड केबलखेरीज जीपीएसची आणि नंतर बसवलेल्या हॉर्नच्या रिलेची (बटण दाबल्यावर हॉर्नचा मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचची) अशा दोन तारा थिंबल, म्हणजे टोकाला धातूची कडी, लावून एकाच नटाखाली दाबलेल्या होत्या. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, मल्टिमीटरवर 14.2 व्होल्ट आले, म्हणजे इंजिनवर चालणारा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत होता, आणि मी समाधानाने हात धुतले. संध्याकाळी हॉर्न दाबला, तर रिलेचा ‘टिक्’ तेवढा आला. रिले चालतो पण हॉर्न वाजत नाही, म्हणजे हॉर्नला बॅटरीकडून येणारा पुरवठाच तुटला असणार. नशिबाने काम सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात नटाखाली तीन थिंबल दिसत होती, गाडीत मात्र दोनच होती. तिसरे, फ्यूजसह, बॅटरीच्या ट्रेमागे घसरले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा मायनस सोडली आणि नट उघडला. तेव्हा लक्षात आले की माझ्या हातून क्रमही चुकला होता: जीपीएसचे पातळ थिंबल खाली आणि जाड केबलचे वर बसले होते. जास्त करंट जाड केबलमधून जातो, म्हणून तिचे थिंबल थेट क्लॅम्पला टेकवले, त्यावर बारीक दोन्ही ठेवली, मग वॉशर आणि नट. हाताने हलवून पाहिले. काही हलले नाही. घड्याळ पुन्हा लावावे लागले, ते वेगळेच.

हॉर्नची चाचणी घ्यायला सकाळी सातची वेळ योग्य नव्हती, हे वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडून लगेच कळवले.