तुम्ही विचारलंत म्हणून: पियल सरफेसची रेषा ड्युरातून मागे का येत नाही?

फ्रीसर्फर (एमआरआय स्कॅनमधून मेंदूच्या पृष्ठभागाची मापं काढणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो: "पियल सरफेसची लाल रेषा मेंदूबाहेर ड्युरात गेली आहे. तिथले व्हॉक्सेल खोडले, रिकॉन-ऑल पुन्हा चालवलं, तरी रेषा जागची हलत नाही. आता काय करू?" पियल सरफेस म्हणजे कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) बाहेरचा काठ, ड्युरा म्हणजे मेंदूभोवतीचं जाड आवरण, व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीय चित्रातला एक छोटा ठोकळा, आणि रिकॉन-ऑल म्हणजे फ्रीसर्फरची सगळी प्रक्रिया चालवणारी आज्ञा.

आधी लाल रेषा सोडून पिवळी बघा, म्हणजे व्हाइट सरफेसची (कॉर्टेक्सच्या आतल्या काठाची). १९९९ साली अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टी सेरेनो यांनी जी पद्धत मांडली, तिच्यावरच फ्रीसर्फर उभं आहे. तिच्यात पियल सरफेस स्वतंत्रपणे शोधला जात नाही. आधी व्हाइट मॅटर (आतला चेतातंतूंचा भाग) आणि ग्रे मॅटर (कॉर्टेक्सचा पेशींचा थर) यांच्यातली सीमा ठरते, तिची त्रिकोणी जाळी होते, जाळीतली भोकं आणि नको ते जोड दुरुस्त होतात, आणि मग तीच जाळी बाहेर ढकलत ग्रे मॅटरच्या बाहेरच्या काठापर्यंत नेली जाते. व्हाइट सरफेसवरच्या प्रत्येक बिंदूचा जोडीदार पियलवर असतो. आतली रेषा एखाद्या गायरसच्या (मेंदूवरच्या घडीच्या उंचवट्याच्या) टोकापर्यंत पोचलीच नसेल, तर बाहेरचीही तिथे पोचणार नाही. मग ब्रेनमास्कमध्ये (कवटी काढून टाकलेल्या मेंदूच्या चित्रात) कितीही खोडा किंवा भरा. कॉर्टेक्सची सरासरी जाडी साधारण अडीच मिलिमीटर. रेषा अर्धा मिलिमीटर सरकली तरी जाडीत पाचव्या हिश्श्याची चूक होते, म्हणून हा खटाटोप.

फ्रीव्ह्यूमध्ये (फ्रीसर्फरच्या चित्रं बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये) टी१ (मूळ एमआरआय चित्र), ब्रेनमास्क आणि डब्ल्यूएम (व्हाइट मॅटर म्हणून ओळखलेले व्हॉक्सेल) या तीन फाइल्स एकावर एक उघडा, डब्ल्यूएमला उष्ण रंगपट्टी देऊन अपारदर्शकता ०.४ च्या आसपास ठेवा, आणि दोन्ही गोलार्धांचे व्हाइट व पियल सरफेस चढवा. कोरोनल स्लाइस (समोरून दिसणारे छेद) मागून पुढे चाळा. शंका आली की तीच जागा बाजूच्या आणि वरच्या छेदांत, म्हणजे सॅजिटल आणि अ‍ॅक्सियलमध्येही बघा. एका प्रतलात भयंकर दिसणारी रेषा दुसऱ्या प्रतलात अनेकदा अगदी बरोबर निघते, कारण सरफेस तिथे स्लाइसला तिरका जात असतो. रेषा व्हॉक्सेलच्या मधोमध गेलेली दिसली तरी ती चूक नव्हे. सरफेस व्हॉक्सेलहून बारीक अचूकतेने बसवलेला असतो. आणि हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला (मेंदूच्या आतले दोन भाग), कॉर्पस कॅलोसमभोवतीची (दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याभोवतीची) मधली भिंत इथल्या रेषांवर वेळ घालवू नका. तिथे सरफेसला शरीररचनेचा अर्थ नाही; हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला यांची मापं एएसइजी (आतल्या भागांना नावं लावलेल्या) फाइलमधूनच घ्यायची असतात. नवीन माणसांची निम्मी मेहनत इथेच वाया जाते.

व्हाइट सरफेस आखूड पडला असेल तर निर्णय एका आकड्यावर ठरतो. ब्रेनमास्कमध्ये तीव्रता अशी सामान्य केलेली असते की व्हाइट मॅटर ११० च्या आसपास यावं. जिथे व्हाइट मॅटरचा धागा सुटलाय तिथे कर्सर ठेवा. व्हॉक्सेल डोळ्यांना स्पष्ट व्हाइट मॅटर दिसतोय, पण आकडा ८५-९५ आहे? मग तीव्रतेचं सामान्यीकरण कमी पडलंय. टेम्पोरल पोलजवळ (कानशिलाकडच्या खंडाच्या पुढच्या टोकाजवळ) हे फार होतं. इलाज कंट्रोल पॉइंट्स. आकडा ११० च्या जवळपास आहे, तरी डब्ल्यूएम फाइलमध्ये ती जागा रिकामी आहे? मग वर्गीकरण चुकलंय; डब्ल्यूएम फाइलच हाताने भरायची.

कंट्रोल पॉइंट म्हणजे "हा व्हॉक्सेल नक्की व्हाइट मॅटर आहे, याला ११० धर" अशी सूचना. म्हणून तो संपूर्ण व्हाइट मॅटर असलेल्या आणि ११० पेक्षा कमी आकडा असलेल्या व्हॉक्सेलवरच ठेवायचा. ग्रे मॅटरच्या काठावर ठेवलात तर काठ उजळतो, व्हाइट सरफेस कॉर्टेक्समध्ये फुगतो आणि जाडी कमी मोजली जाते. मोजकेच पॉइंट्स ठेवा, आणि तेही वेगवेगळ्या स्लाइसमध्ये पसरून. एकाच ठिकाणी गर्दी करून उपयोग नसतो, त्यांचा परिणाम आजूबाजूला पसरतोच. त्यानंतर रिकॉन-ऑलला ऑटोरिकॉन२-सीपी आणि ऑटोरिकॉन३ देऊन चालवा.

वयस्कर लोकांच्या मेंदूत व्हेंट्रिकलभोवती (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांभोवती) व्हाइट मॅटरचे काळसर डाग असतात. तिथेही आकडा कमीच असतो, म्हणून कंट्रोल पॉइंट्सचा मोह होतो, पण तो टाळा. दोष तिथे तीव्रतेच्या चढउताराचा नाही, ऊतीच बदललेली आहे. तिथे डब्ल्यूएम फाइल भरणं हाच मार्ग. भरलेल्या व्हॉक्सेलला २५५ आणि खोडलेल्याला १ हा आकडा मिळतो. पुढच्या वेळी प्रोग्रॅम त्यावरूनच तुमची दुरुस्ती ओळखतो आणि जपतो. ती चालवायची ऑटोरिकॉन२-डब्ल्यूएम आणि ऑटोरिकॉन३ ने.

आता मूळ तक्रारीकडे. व्हाइट सरफेस बरोबर आहे आणि तरी पियल ड्युरात किंवा टेंटोरियममध्ये (सेरेबेलमवरच्या ड्युराच्या पडद्यात) गेलाय, तर कारण सरळ आहे: टी१ चित्रात ड्युरा आणि ग्रे मॅटर यांची तीव्रता जवळजवळ सारखी असते. दोघांमध्ये पाण्याची काळी फट उरली नसेल तर प्रोग्रॅमला थांबायला कडच सापडत नाही. गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं कॉन्ट्रास्ट द्रव्य) दिल्यानंतरचा टी१ असेल तर ड्युरा आणि शिरा उजळलेल्या असतात. असा स्कॅन शक्यतो घेऊच नका.

दुरुस्तीसाठी ब्रेनमास्क निवडा, रिकॉन एडिट चालू करा आणि शिफ्ट दाबून ड्युराचे व्हॉक्सेल खोडा. खोडलेल्या जागी १ दिसला पाहिजे. मग सेव्ह करून ऑटोरिकॉन-पियल चालवा.

तरीही रेषा हलत नसेल, तर बहुतेक वेळा चूक साधी असते. पहिला संशय फाइलवर घ्या: फ्रीव्ह्यूमध्ये ब्रश निवडलेल्या थरावर चालतो, आणि यादीत टी१ निवडलेला राहिला असेल तर तुम्ही टी१ खोडत बसता. खिडकी बंद करून ब्रेनमास्क एकटा पुन्हा उघडा आणि तिथे १ आहे का पाहा. दुसरं, रन संपल्यावर सरफेस नव्याने उघडला का? आधीपासून उघडी असलेली रेषा जुनीच दाखवते. तिसरं, किती स्लाइस खोडल्या? जाळी गुळगुळीत राहावी अशी अट प्रोग्रॅममध्ये आहे, त्यामुळे एकाच स्लाइसमध्ये खोडलं तर शेजारच्या स्लाइसमधला ड्युरा रेषा परत ओढून घेतो. ड्युराचा तुकडा पहिल्या स्लाइसपासून शेवटच्या स्लाइसपर्यंत काढा. आणि रेषा सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) शिरली असेल तर ब्रेनमास्कला हात लावू नका, सेरेबेलम त्यात राहायला हवा. ब्रेन-फायनलसर्फ्स फाइलची 'मॅनएडिट' नावाची प्रत करून खोडकाम तिच्यात करा.

कवटीचा मोठा तुकडाच ब्रेनमास्कमध्ये राहिला असेल, किंवा उलट मेंदूचा भाग कापला गेला असेल, तर व्हॉक्सेल-व्हॉक्सेल खोडत बसू नका. स्कल-स्ट्रिप टप्पा (कवटी काढण्याचा) वेगळा वॉटरशेड थ्रेशोल्ड (किती कापायचं ते ठरवणारा आकडा) देऊन पुन्हा चालवा. मूळ किंमत २५. मेंदू कापला गेला असेल तर वाढवून ३५ करून पाहा, कवटी उरली असेल तर कमी करा. ड्युरा चिकटून राहिला असेल तर जीकट हा पर्याय चांगला, पण तो कधी कॉर्टेक्सही खातो, म्हणून त्याने काय काढलं ते नीट तपासा. स्कल-स्ट्रिप पुन्हा चालवताना क्लीन-बीएम हा पर्यायही द्यावा लागतो आणि ते ब्रेनमास्कमधली हाताची सगळी दुरुस्ती पुसतं. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी स्कल-स्ट्रिप, मग कंट्रोल पॉइंट्स, मग डब्ल्यूएम, शेवटी पियल.

हाताने खोडण्यापेक्षा उत्तम उपाय स्कॅन करतानाच हाती असतो. त्याच सत्रात साधारण १ मिलिमीटरचा थ्रीडी टी२ किंवा फ्लेअर (एमआरआयचे वेगळे प्रकार) घ्या. टी२ मध्ये ड्युरा काळा आणि ग्रे मॅटर उजळ दिसतं, त्यामुळे टी२पियल पर्याय दिला की रेषा बहुतेक ठिकाणी आपोआप मागे येते. दवाखान्यातल्या नेहमीच्या ५ मिलिमीटर जाड स्लाइसचा टी२ याला चालत नाही. टी२ आणि टी१ नीट जुळलेत का ते आधी डोळ्यांनी बघा. जुळणी एक मिलिमीटरने चुकली तर पियल सगळीकडेच चुकेल. अभ्यासात काहींना टी२ आहे आणि काहींना नाही, असं असेल तर तो कोणालाच वापरू नका, नाहीतर गटांमधला फरक मेंदूचा की पद्धतीचा हे सांगता येणार नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमबाबतही हाच नियम.

डोकं हललेल्या स्कॅनमध्ये कड्या दिसतात, सीमा पुसट होते आणि कॉर्टेक्स खऱ्यापेक्षा पातळ मोजला जातो. तिथे दुरुस्ती करूच नका. स्कॅन पुन्हा घ्या किंवा वगळा. शंभर स्कॅन असतील तर आधी एएसइजीच्या आकडेवारीतली सरफेस होल्स ही नोंद सगळ्यांची काढून उतरत्या क्रमाने लावा. दुरुस्तीआधी जाळीत किती भोकं होती ते ती सांगते, आणि सर्वांत खराब स्कॅन वर येतात. बघायला सुरुवात तिथून करा. बघणाऱ्याला कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे कळू देऊ नका, आणि दोन-तीन स्लाइसपुरता चिकटलेला ड्युराचा ठिपका तसाच सोडून द्या.